विश्लेषण : डिजिटल गाण्याला काचेची नळी कशासाठी? ‘स्टिरिओ’चे जनक अ‍ॅलन ब्लमलाइन कोण होते?

अकोला-अमरावतीतल्या जुन्या घरांत माळ्यावर एखादा व्हॉल्व्हचा रेडिओ अजूनही धूळ खात पडलेला सापडतो. बटण फिरवले की आधी आतला दिवा लागायचा, काचेच्या नळ्या तापायच्या आणि मग अर्ध्या-एक मिनिटाने आवाज यायचा. ट्रान्झिस्टर आला आणि या नळ्या अडगळीत गेल्या. आता त्याच नळ्या नव्या रूपात परतल्या आहेत. मोबाइल किंवा संगणकातले डिजिटल गाणे विद्युत लहरींत बदलणारा ‘डॅक’ आणि त्यापुढे मिणमिणत्या नळीचा ‘ट्यूब बफर’ अशा छोट्या पेट्या ऑनलाइन विकल्या जातात. हौशी मंडळी त्या घरीही जोडतात. या बफरमागची मांडणी अ‍ॅलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याच्या १९३४ च्या पेटंटमध्ये सापडते. इअरफोनमध्ये डावा आणि उजवा असे दोन वेगळे आवाज येतात, त्यामागची मूळ कल्पनाही त्यांचीच. तरीही हे नाव फार थोड्यांना माहीत आहे.

‘ट्यूब बफर’ म्हणजे काय?

डॅकमधून निघणारा संकेत साधारण दोन व्होल्टचा, पण नाजूक असतो. त्याला पुढच्या अँप्लिफायरपर्यंत, मधल्या केबलचा अडथळा पार करून जायचे असते. बफर हा मधला टप्पा संकेत मोठा करत नाही, त्याला फक्त ताकद देतो.

बाजार समितीच्या आवारातले दृश्य डोळ्यांपुढे आणले तर हे लवकर समजते. अडत्या नुसता बोटाने इशारा करतो. कापसाचे गाठोडे हमाल उचलतो. इशारा देताना अडत्याला घाम येत नाही आणि गाठोडे मात्र त्याने सांगितलेल्या जागीच जाते. बफरमध्ये डॅक फक्त इशारा देतो. पुढची केबल आणि अँप्लिफायर यांचा भार नळीला वीज पुरवणारा पॉवर सप्लाय वाहतो.

ब्लमलाइन यांचे बालपण कसे होते?

अ‍ॅलन डाउअर ब्लमलाइन यांचा जन्म २९ जून १९०३ रोजी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात झाला. वडील सेमी ब्लमलाइन मूळचे जर्मनीचे, पुढे ब्रिटिश नागरिक झालेले. आई जेसी ही दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या स्कॉटिश मिशनऱ्याची मुलगी. सात वर्षांच्या अ‍ॅलनने घराच्या दारावरची बिघडलेली घंटी दुरुस्त केली आणि वडिलांच्या हाती रीतसर बिल ठेवले. खाली सही करताना स्वतःला विद्युत अभियंता म्हणवून घेतले. ते बिल घरच्यांनी जपून ठेवले.

वाचनात मात्र हा मुलगा मागे होता. बारा वर्षांचा होईपर्यंत त्याला नीट वाचता येत नव्हते, अशी आठवण त्याच्या बहिणीने सांगितली आहे. गणितात तो त्याच वयात पुढे गेलेला होता. हायगेट शाळेतून शिष्यवृत्ती मिळवून ते लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स कॉलेजमध्ये गेले आणि १९२३ मध्ये पहिल्या वर्गात पदवीधर झाले. १९२४ मध्ये इंटरनॅशनल वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपनीत त्यांना नोकरी मिळाली. लांब पल्ल्याच्या टेलिफोन तारांमध्ये एका संभाषणाचा आवाज दुसऱ्यात मिसळत असे. तो कसा थांबवायचा, हे त्यांचे पहिले मोठे काम. लांब तार संकेताचे काय करते, याचा धडा त्यांनी तिथेच गिरवला.

ग्रामोफोन कंपनीत ते कशासाठी आले?

१९२५ नंतर ध्वनिमुद्रण विजेवर होऊ लागले. त्याआधी गायकाला भोंग्यात तोंड घालून जोरात गावे लागे. मायक्रोफोन आणि व्हॉल्व्हचे अँप्लिफायर आल्यावर हळुवार गळ्यालाही तबकडीवर जागा मिळाली. मात्र या पद्धतीचे हक्क अमेरिकी कंपनीकडे होते आणि विकल्या जाणाऱ्या तबकड्यांवर तिला रॉयल्टी द्यावी लागे. यातून सुटका करून घेण्यासाठी कोलंबिया ग्राफोफोन या इंग्रज कंपनीने १९२९ मध्ये २५ वर्षांच्या ब्लमलाइन यांना घेतले. तिथे आयझॅक शोएनबर्ग हे त्यांचे वरिष्ठ होते.

काम अवघड होते, कारण कोणत्याही पेटंटला धक्का न लावता मेणाच्या तबकडीवर आवाज कोरणारे यंत्र नव्याने घडवायचे होते. ब्लमलाइन यांनी हर्बर्ट होल्मन यांच्यासोबत हलत्या लोखंडाऐवजी हलत्या कॉइलवर चालणारे कोरणयंत्र तयार केले. रॉयल्टीचा प्रश्न तर सुटलाच, शिवाय ध्वनिमुद्रणही आधीपेक्षा स्वच्छ झाले.

१९३१ मध्ये कोलंबिया आणि ग्रामोफोन कंपनी एकत्र येऊन ‘ईएमआय’ झाली. ग्रामोफोन कंपनीची ओळख म्हणजे कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा आणि ‘एचएमव्ही’ ही अक्षरे. वऱ्हाडाला ही अक्षरे परकी नाहीत. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता खामगावात जन्मलेल्या जी. एन. जोशी यांनी १९३० च्या दशकात एचएमव्हीच्या तबकडीसाठी गायली. मराठी भावगीताच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिकांत तिची गणना होते. जोशी पुढे याच कंपनीत ध्वनिमुद्रणाचे काम पाहू लागले. भावगीतासारखे कुजबुजीच्या जवळ जाणारे गाणे भोंग्याच्या काळात तबकडीवर उतरणे कठीण होते. ते शक्य झाले मायक्रोफोन आणि व्हॉल्व्ह या जोडीमुळे.

स्टिरिओची कल्पना कुठून आली?

१९३१ च्या सुमारास ब्लमलाइन त्यांच्या भावी पत्नी डोरीन यांच्यासोबत बोलपट पाहायला गेले होते, असे सांगितले जाते. पडद्यावरचा नट एका कडेहून दुसऱ्या कडेला चालत गेला, पण त्याचा आवाज मधल्या एकाच कर्ण्यातून येत राहिला. इतरांनी तिकडे दुर्लक्ष केले. ब्लमलाइन यांना मात्र ते खटकले आणि आवाज नटाबरोबर चालवण्याचा उपाय आपल्याकडे आहे, असे त्यांनी डोरीन यांना सांगितले.

१४ डिसेंबर १९३१ रोजी त्यांनी पेटंटचा अर्ज केला. त्यात ७० दावे होते. दोन मायक्रोफोन कसे ठेवावेत, दोन कर्ण्यांतून आवाजाची दिशा कशी उभी करावी, दोन वेगळे आवाज तबकडीच्या एकाच खाचेच्या दोन भिंतींवर कसे कोरावेत, हे सगळे एकाच कागदपत्रात होते. जानेवारी १९३४ मध्ये लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत थॉमस बीचम यांच्या संचालनाखाली वाजवली जाणारी मोझार्टची सिम्फनी त्यांनी या पद्धतीने मुद्रित केली. १९३५ मध्ये हेज रेल्वे स्थानकावरून जाणाऱ्या गाड्यांचे चित्रणही केले. त्यात गाडीबरोबर तिचा आवाजही एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकतो.

कंपनीला मात्र यात बाजार दिसला नाही. तो मंदीचा काळ होता. एक तबकडी घेणे जड जात असताना दोन कर्णे कोण घेणार, हा हिशेब होता. प्रयोग बाजूला पडला आणि ब्लमलाइन यांना टेलिव्हिजनच्या कामावर नेमण्यात आले.

मग बफरचा शोध कशातून लागला?

टेलिव्हिजनचा संकेत आवाजापेक्षा कितीतरी पट वेगाने बदलतो. कोणत्याही केबलमध्ये आणि व्हॉल्व्हच्या तोंडाशी थोडी कपॅसिटन्स असतेच. हौद भरायला वेळ लागतो, तशी ती भरायला आणि रिकामी व्हायला वेळ लागतो. संकेत देणारा टप्पा कमकुवत असेल तर हा हौद वेळेत भरत नाही आणि चित्रातले बारकावे पुसले जातात.

ब्लमलाइन यांनी १९३४ च्या पेटंटात मांडलेला उपाय साधा होता. व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या कॅथोडपासून इलेक्ट्रॉन निघतात आणि अ‍ॅनोडकडे जातात. मधली ग्रिड नावाची जाळी त्यांचा ओघ कमी-जास्त करते. एरवी वाढलेला संकेत अ‍ॅनोडवरून घेतला जातो. इथे अ‍ॅनोड सरळ पॉवर सप्लायला जोडला आणि संकेत कॅथोडवरून घेतला. ग्रिडचे व्होल्टेज चढले की नळीतला प्रवाह वाढतो, कॅथोडखालच्या रेझिस्टरवरचे व्होल्टेज चढते आणि कॅथोड ग्रिडच्या मागोमाग वर येतो. ग्रिड उतरली की तोही उतरतो. म्हणून या मांडणीला ‘कॅथोड फॉलोअर’ हे नाव पडले.

यात संकेत मोठा होत नाही, किंचित लहानच होतो. मात्र त्यामागची ताकद वाढते आणि नळीचे स्वतःचे दोष बऱ्याच अंशी आपोआप दुरुस्त होतात. २ नोव्हेंबर १९३६ रोजी बीबीसीची टेलिव्हिजन सेवा सुरू झाली. ४०५ रेषांची ईएमआयची यंत्रणा उभारणाऱ्या तुकडीतल्या प्रमुख अभियंत्यांत ब्लमलाइन होते. जॉन लोगी बेअर्ड यांची प्रतिस्पर्धी यंत्रणा काही महिन्यांतच मागे पडली. १९३७ मध्ये सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाची मिरवणूक लोकांनी घरबसल्या पाहिली, तीही याच यंत्रणेवर.

आजच्या डॅकला या मांडणीचा उपयोग होतो का?

होतो, पण प्रत्येक ठिकाणी नाही. बहुतेक तयार डॅकमध्ये चिपवरचा बफर आधीच असतो. केबल एक-दीड मीटरची असेल तर त्यापुढे नळी लावून संकेताला नवे बळ मिळत नाही. नळीमुळे मूळ सुरांत त्यांच्याच दुप्पट कंपनांचे थोडे सूर मिसळतात आणि काहींच्या कानांना ते गोड वाटते. ती आवडीची बाब आहे. रेकॉर्डिंगमध्ये नसलेला बारकावा कोणताही बफर निर्माण करू शकत नाही.

खरी गरज कुठे पडते, हे आकड्यांतून दिसते. डॅकनंतर ५० किलोओहमचा व्हॉल्यूम कंट्रोल आहे आणि तिथून हरिनाम सप्ताहाच्या मांडवातल्या अँप्लिफायरपर्यंत दहा मीटर केबल गेली आहे, असे समजू. केबलची कपॅसिटन्स मीटरला १०० पिकोफॅरड धरली तर एकूण १००० पिकोफॅरड होते. व्हॉल्यूम कंट्रोलच्या सर्वात अडचणीच्या स्थितीत तो पुढच्या भागाला साडेबारा किलोओहमचा दिसतो. अशा वेळी सुमारे १२.७ किलोहर्ट्झलाच आवाजाची ताकद निम्मी होते. टाळांची खणखण बोथट ऐकू येते. मध्ये ईसीसी८२ या जुन्या नळीचा कॅथोड फॉलोअर टाकला तर त्याचा आउटपुट इम्पीडन्स सुमारे ४५० ओहम येतो आणि तीच मर्यादा साडेतीनशे किलोहर्ट्झपर्यंत, म्हणजे माणसाच्या कानाच्या कितीतरी पलीकडे सरकते. ईसीसी८८ नळी पुरेशा प्रवाहावर चालवली तर हा इम्पीडन्स ८० ओहमच्या आसपास येतो.

असा बफर घेताना किंवा जोडताना काय पाहावे?

पहिली बाब व्होल्टेजची. या नळ्या १०० ते २५० व्होल्ट डीसीसाठी घडवलेल्या आहेत. अनेक स्वस्त पेट्या त्यांना १२ किंवा २४ व्होल्टवर चालवतात. तिथे नळी अर्धपोटी काम करते आणि दोष वाढतात. काही पेट्यांत नळीखाली नारिंगी एलईडी बसवलेला असतो. तो उजेड नळीचा नसतो.

दुसरी बाब बाहेर पडतानाच्या कपॅसिटरची. कॅथोडवर संकेतासोबत कित्येक व्होल्ट डीसीही असते. ती अडवण्यासाठी हा कपॅसिटर लागतो. पुढचा अँप्लिफायर १० किलोओहमचा असेल आणि कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरडचा लावला, तर १६० हर्ट्झखालचा ढोलकीचा, तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा कमी होतो. १ मायक्रोफॅरडला ही मर्यादा १६ हर्ट्झवर येते, २.२ ला ७ हर्ट्झवर. पेटी सुरू करताना धडाड आवाज येऊ नये म्हणून नळी तापेपर्यंत संकेत अडवून ठेवणारा रिले असलेला बरा.

तिसरी बाब हवेची. ईसीसी८२ च्या नुसत्या हीटरला ६.३ व्होल्ट आणि ०.३ अँपिअर, म्हणजे जवळपास दोन वॉट लागतात. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा बंद कपाटात ही पेटी ठेवणे बरे नाही. वीज कमी-जास्त होणाऱ्या भागात हीटरचा पुरवठा स्थिर ठेवणारा रेग्युलेटर हवा.

सर्वात महत्त्वाची बाब जिवाची. दोनशे व्होल्ट डीसीचा धक्का जीव घेऊ शकतो. प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. तो रिकामा करणारा रेझिस्टर कायमचा बसवलेला असावा आणि हात घालण्यापूर्वी मीटर लावून खात्री करावी. ज्यांना हे काम नवे आहे, त्यांनी ते जाणत्या कारागिराच्या सोबतीनेच करावे.

१९४२ मध्ये काय घडले?

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर ब्लमलाइन रडारच्या कामात गुंतले. रात्री, ढगांआडून खालची जमीन विमानाला ‘दिसावी’ यासाठी ‘एचटूएस’ नावाचे रडार घडवले जात होते. ७ जून १९४२ रोजी त्याच्या चाचणीसाठी हॅलिफॅक्स जातीचे बॉम्बर विमान इंग्लंडमधल्या डेफर्ड तळावरून उडाले. विमानात ११ जण होते. त्यांत ईएमआयचे तिघे होते : ब्लमलाइन, सेसिल ब्राउन आणि फ्रँक ब्लायथन.

उड्डाणात उजवीकडच्या बाहेरच्या इंजिनाला आग लागली. ती विझली नाही आणि विमान हेरेफर्डशायरमधल्या वेल्श बिकनर गावाजवळ कोसळले. कोणीही वाचले नाही. इंजिनातला इंधन आत घेणारा एक व्हॉल्व्ह तुटल्याचे तपासात आढळले. त्यावरचा एक नट देखभालीच्या वेळी पुरेसा आवळला गेला नव्हता, असा निष्कर्ष पुढे अनेक वर्षांनी झालेल्या अभ्यासात निघाला. ब्लमलाइन तेव्हा ३८ वर्षांचे होते. एकोणचाळिसाव्या वाढदिवसाला २२ दिवस उरले होते. मागे पत्नी डोरीन आणि दोन लहान मुलगे राहिले.

ज्या रडारसाठी हे ११ जण गेले, ते जानेवारी १९४३ मध्ये प्रत्यक्ष मोहिमेत वापरले गेले.

त्यांचे नाव इतकी वर्षे मागे का राहिले?

पहिले कारण गुप्तता. रडारवर काम करणारे प्रमुख शास्त्रज्ञ एकाच अपघातात गेले, हे शत्रूला कळू नये म्हणून बातमी दडवली गेली. एवढ्या मोठ्या अभियंत्याच्या जाण्याची सविस्तर माहिती लोकांपुढे यायला काही वर्षे गेली. तोवर युद्धातल्या असंख्य मृत्यूंत हा एक मृत्यू मिसळून गेला होता.

दुसरे कारण काळाचे. स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या त्या १९५८ च्या सुमारास. खाचेच्या दोन भिंतींवर दोन आवाज कोरण्याची पद्धत ब्लमलाइन यांच्या अर्जात आधीच होती, पण तोपर्यंत त्या पेटंटची मुदत संपली होती आणि नवे यंत्र अमेरिकेतून आले होते.

तिसरे कारण त्यांच्या लिखाणाचे. त्यांनी पुस्तके लिहिली नाहीत, शोधनिबंधही मोजकेच. जे सुचले ते पेटंटमध्ये गेले. छोट्याशा कारकिर्दीत १२८ पेटंट त्यांच्या नावावर झाली. पेटंट सामान्य वाचक वाचत नाही.

ओळख हळूहळू मिळाली. १९७७ मध्ये लंडनच्या ईलिंग भागातल्या त्यांच्या घरावर स्मृतिफलक लागला. त्यांचे पहिले सविस्तर चरित्र प्रसिद्ध झाले १९९९ मध्ये, मृत्यूनंतर ५७ वर्षांनी. २०१५ मध्ये अ‍ॅबी रोड स्टुडिओत स्टिरिओच्या शोधाचा फलक बसवण्यात आला आणि २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर तांत्रिक ग्रॅमी जाहीर झाला.

आजच्या पेटीत त्यांचे नेमके काय आहे?

डिजिटल आवाजाचे मूळही त्याच काळातले आहे. आवाजाचे आकड्यांत रूपांतर करण्याची पद्धत अ‍ॅलेक रीव्ह्ज यांनी १९३८ मध्ये पेटंट केली. रीव्ह्ज आणि ब्लमलाइन हे दोघेही १९२० च्या दशकात इंटरनॅशनल वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये नोकरीला होते. रीव्ह्ज यांच्या कल्पनेला व्हॉल्व्ह पुरे पडले नाहीत. ती रुजायला ट्रान्झिस्टर आणि चिपची वाट पाहावी लागली. ब्लमलाइन यांची मांडणी मात्र नळीसाठीच जन्मली. पुढे ट्रान्झिस्टर आले तेव्हा तीच ‘एमिटर फॉलोअर’ या नावाने त्यांच्यात गेली आणि आजही अँप्लिफायरच्या शेवटच्या टप्प्यात सर्रास वापरली जाते.

म्हणजे ट्यूब बफर न घेतलेल्या श्रोत्याकडेही ब्लमलाइन यांच्या दोन गोष्टी असतातच : डाव्या-उजव्या कानांत वेगळा येणारा आवाज आणि त्याला पुढे ढकलणारा ‘फॉलोअर’. हजारो रुपये मोजून नळीची पेटी घ्यायची की नाही, हे ज्याच्या त्याच्या कानाने आणि खिशाने ठरवावे. ती घेताना निदान नळीला पुरेसे व्होल्टेज मिळते का, एवढे विक्रेत्याला विचारून घ्यावे.